तीन रेघा झाल्या की पिक्चर बाद

३ तारीख, सोमवार

काकूंनी आज ही डायरी दिली. गेल्या वर्षीची आहे. आमच्या बसकंपनीने गिऱ्हाइकांना वाटायला छापली होती, वर बसचं चित्र. वार जुळत नाहीत म्हणून आता कुणी घेत नाही. काकू म्हणाल्या, "बोलत नाहीस तर लिही तरी. आणि वार खोडून लिही गं, नाहीतर भलत्याच दिवशी सुट्टी घेशील."

काय लिहायचं ते माहीत नाही. नववीत शाळा सुटली, त्यानंतर मी सीट नंबर सोडून काही लिहिलेलं नाही.

काकू म्हणजे बुकिंगवाल्या काकू. नात्यातल्या नाहीत, पण सगळे काकूच म्हणतात, मालकसुद्धा. त्या मला मुकी म्हणतात. मला राग येत नाही.

आई जाऊन दोन महिने झाले. आज कव्हरं धुतली, चाळीस.

४ तारीख, मंगळवार

आज पिक्चर तपासला. ते माझं दुसरं काम आहे. पहिलं सीटच्या डोक्याकडची पांढरी कव्हरं धुऊन इस्त्री करायची.

आमची बस सकाळी सुटते आणि दुपारी उशिरा पोचते. आत टीव्ही आहे. काकू म्हणतात, घरी नको तसलं काही लागलं की माणूस पाणी प्यायला उठतो. बसमध्ये उठून जाणार कुठे? सासरा सुनेच्या शेजारी बसलेला असतो, बाप लेकीच्या. म्हणून बसमध्ये लावायचा पिक्चर आधी कुणीतरी बघावा लागतो.

काकू स्वतः बघत नाहीत. म्हणजे टीव्हीकडे बघत नाहीत. "मला काहीही चालतं गं. माझा नवरा ट्रक चालवायचा, त्याच्या तोंडापुढे हे पिक्चर म्हणजे पाळणाघर." मी कामाला लागले त्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पिक्चरमध्ये काही ओंगळ आलं की माझी मान खाली जाते. मला कळतसुद्धा नाही, ती आपली जाते. तेव्हापासून त्या ऑफिसात माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसतात, टीव्हीकडे पाठ करून. विणत असतात. माझी मान गेली की कानामागची पेन्सिल काढून जुन्या तिकिटामागे एक रेघ मारतात. दोन रेघांपर्यंत पिक्चर चालतो. तीन झाल्या की बाद. नाचबिच आला की त्या मागे न वळताच रिमोटने पुढे ढकलतात.

आई आजारी होती तेव्हा शेवटचे काही आठवडे मी कामावर नव्हते. तेव्हा मालकांच्या भाच्याने एक पिक्चर पास केला. बसमध्ये एक आजोबा होते, सोबत नाती. त्यांनी भर रस्त्यात बस थांबवली आणि सगळ्यांना घेऊन उतरले. मग तीन पानी पत्र आलं. मालक म्हणाले, आणखी एक तक्रार आली तर टीव्ही काढून टाकतो, मग पिक्चर बघणारीही नको.

आजचा पिक्चर जाड्या जावयाचा होता. त्याला सासऱ्याचं घर हवं असतं, म्हणून तो सासऱ्याची सेवा करतो. पादण्याचे प्रसंग सात, एक नक्की कळला नाही म्हणून आठ धरा. लेंगा तीन वेळा सुटतो. कुत्रा जावयाची चड्डी घेऊन लग्नाच्या मांडवात जातो. जावई बायकोला आणि म्हशीला एकच हाक मारतो. मग सासरा हॉस्पिटलमध्ये असतो, जावई त्याच्या अंगाखालचं भांडं उचलून नेताना घसरतो आणि ते सगळं डॉक्टरच्या अंगावर. सासरा पलंगावरून ओरडतो, "जावईबापू, जपून!" हे तो तीनदा ओरडतो. शेवटी सगळे गळ्यात पडतात.

संपल्यावर काकूंनी तिकीट दाखवलं. मागची बाजू कोरी होती.

"एकदाही नाही?"

मी मान हलवली.

"बघत होतीस ना गं? का डोळे उघडे ठेवून झोपलीस?"

"बघत होते." आणि मी सगळं क्रमाने सांगितलं, वर लिहिलं तसं.

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मग म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम." आणि वहीत लिहिलं, कुटुंबासोबत चालेल.

६ तारीख, गुरुवार

बाबा पाण्याच्या पंपावर पाळीने जातात. आज सकाळची पाळी होती. जेवताना ते बारक्याकडे न बघता म्हणाले, "मावशीचा फोन आला होता. ती म्हणते, बारक्याला तिच्याकडे ठेवू. शाळा जवळ आहे तिच्या."

बारक्या माझा भाऊ, नऊ वर्षांचा. तो म्हणाला, "किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे किती?"

"अरे, ताई कामावर, मी पंपावर. शाळेतून आल्यावर तू एकटा काय करतोस इथे? भिंतींशी बोलतोस?"

"हो," बारक्या म्हणाला.

बाबांनी भात कालवला आणि खाल्ला नाही. बारक्याने विचारलं, "ताईच्या बसने जायचं? पिक्चर असतो ना त्यात?"

"असतो," मी म्हणाले.

"मग ठीक आहे."

बाबांनी मला विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हणाले बरोबर आहे. बरोबरच आहे. मला काही वाटलं नाही.

७ तारीख, शुक्रवार

तिकिटं काढली. पुढच्या शनिवारी जाताना तीन, रविवारी येताना दोन. काकूंनी तिकिटं फाडली आणि हातात धरून ठेवली.

"परतीची दोनच?"

"बारक्या मावशीकडे राहणार आहे."

"कायमचा?"

"बघू."

काकूंनी तिकिटं दिली. मग त्या उगाचच ड्रायव्हरमामांवर ओरडल्या, की टायरचा चिखल ऑफिसात आणता. चिखल नव्हता.

९ तारीख, रविवार

बारक्याची बॅग भरली. पाच शर्ट, तीन चड्ड्या, वह्या, रबराचा बेडूक. त्याने आईचा पंचा घेतला, मी काढून ठेवला, त्याने परत घातला. मग राहू दिला. बेडूक वरती हवा म्हणाला, नाहीतर गुदमरतो.

आईचं आजारातलं भांडं अजून मोरीत आहे, पालथं. बाबा अंघोळीला गेले की ते उचलून खिडकीत ठेवतात आणि निघताना पुन्हा जागेवर ठेवतात. मीही तसंच करते. शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, त्यांच्या सासूला लागतं म्हणून. मी बघते म्हणाले.

१० तारीख, सोमवार

जाड्या जावयाच्या पिक्चरच्या चार फेऱ्या झाल्या. कंडक्टर म्हणाला लोक जाम हसतात. एक बाई मात्र उतरताना म्हणाली, पुढच्या वेळी कानात घालायला कापूस द्या. काकूंनी विचारलं लेखी दिलं का. लेखी नाही दिलं.

११ तारीख, मंगळवार

आज तपासायला नवीन पिक्चर होता, पण काकूंनी तो लावला नाही. जाड्या जावयाचाच पुन्हा लावला. मी पुन्हा बघितला. आठवा पाद बरोबर होता, मी उगाच शंका घेतली.

रेघ नाही.

मग त्यांनी कपाट उघडून खालच्या कप्प्यातून एक जुना काढला. तो मला ओळखू आला. गेल्या वर्षी त्याला पाच रेघा आल्या होत्या, पाचव्या रेघेला मी उठून बाहेरच गेले होते आणि काकू पोट धरून हसल्या होत्या. तो अर्धा बघितला. मी नीट बसून बघितला, मान सरळ.

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं. माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. टीव्हीत कुणीतरी ओरडत होतं, त्यांनी तो बंद केला.

"चहा पितेस?"

"चालेल."

चहात त्यांनी दोनदा साखर घातली, विसरल्या असतील. मी प्यायले.

मला वाटतं मी सुधारले. आधी उगाच लाजायचे, लोक हसायचे. आता कामाला पक्की झाले. काकूंनी तसं म्हटलं नाही, पण रागावल्याही नाहीत.

१२ तारीख, बुधवार

कव्हरं बत्तीस. काही नाही.

१३ तारीख, गुरुवार

काकू मालकांच्या खोलीत गेल्या होत्या. दार उघडं होतं. काकू म्हणाल्या हा पिक्चर काढा. मालक म्हणाले, "तुम्हीच वहीत चालेल म्हणून लिहिलंय. शून्य रेघा. आणि गाडी भरून जातेय."

"माझं माप बिघडलंय," काकू म्हणाल्या.

"मग दुसरं माप आणा."

"त्याला वेळ लागेल."

कुठलं माप ते मला कळलं नाही. बहुतेक कव्हरांच्या नव्या कापडाचं असेल.

बाहेर येऊन त्यांनी मला एक कोरं तिकीट आणि पेन्सिल दिली. "शनिवारी तू जातेच आहेस ना. ड्रायव्हरच्या मागची उलटी सीट तुझी, प्रवाशांकडे तोंड असतं ती. पिक्चरकडे बघू नकोस. पिक्चर तुला पाठ आहे. माणसं बघ. जिथे मान खाली जाईल तिथे रेघ. मी तुझ्यासमोर बसते तसं."

"सगळ्यांच्या माना?"

"दिसतील तेवढ्या. आणि हे बघ मुके, घाई नाही."

१५ तारीख, शनिवार

हे मावशीच्या घरी लिहिते आहे. संध्याकाळ आहे, बारक्या आणि मावशीची पोरं खाली खेळताहेत.

सकाळी बारक्या बूट घालून उंबऱ्यात बसला. बाबा म्हणाले, चल. तो म्हणाला, कुलूप मी लावतो. त्याला लावता येत नाही, वेळ लागला. बाबा घाई कर म्हणाले नाहीत.

बसमध्ये बाबा आणि बारक्या दुसऱ्या रांगेत, मी उलट्या सीटवर. बस पूर्ण भरलेली. टीव्ही माझ्या डोक्याच्या वर मागे होता, म्हणून मला फक्त ऐकू येत होतं. समोर चाळीस तोंडं. मला एवढ्या माणसांकडे बघायची सवय नाही, पण ती वर टीव्हीकडे बघत होती, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. त्यामुळे जमलं.

तिसऱ्या रांगेत एक नवी सून होती, शेजारी सासरे. पहिल्या लेंग्याला तिने मान खाली घातली. मी रेघ मारली. सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, बाहेर नुसती भिंत होती कुठल्या तरी कारखान्याची, लांबच लांब, ती ते बघत राहिले. चड्डी घेऊन कुत्रा आला तेव्हा सुनेने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधू लागली. कुत्रा गेला तरी शोधत होती. दुसरी रेघ. मागे सगळे हसत होते. एक आजी तर इतकी हसली की तिची कवळी हातात आली. शेजारच्या मुलाने विचारलं, "आज्जी, थांबवू का पिक्चर?" ती म्हणाली, "गप रे, ऐकू दे."

मी खोलीत बघितला तेव्हा यातलं काही नव्हतं. खोलीत सून नव्हती ना.

बारक्या हसत नव्हता. तोंड उघडं ठेवून बघत होता. बाबा टीव्हीकडे तोंड करून होते, पण बघत नव्हते. त्यांचे डोळे आईच्या पलंगाजवळ बसायचे तेव्हा असायचे तसे होते.

मग हॉस्पिटल आलं. मला आवाजावरून कळलं, चाकांच्या गाडीचा आवाज येतो. मी पेन्सिल तयार धरली. भांडं उचललं, पाय घसरला, "जावईबापू, जपून!" आणि सगळी बस हसली.

बारक्या जोरात म्हणाला, अगदी जोरात, "बाबा! आपल्यासारखंच!"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही पण असेच पडला होतात ना! आईचं भांडं घेऊन! आणि सगळं तुमच्या शर्टावर! आणि आई काय म्हणाली?" त्याने आईचा आवाज काढला, आजारातला, बारीक. "अहो, हळू! कुणी पळवत नाही ते!"

पुढच्या रांगेतला एक माणूस वळून हसला. त्याला वाटलं पोरगा पिक्चरमधलंच काही बोलतो आहे.

ते खरं होतं. मी विसरले होते. बाबा मोरीच्या दाराशी पडले होते, सगळं अंगावर, आणि आई इतकी हसली, इतकी हसली की तिला खोकला लागला आणि मला तिला उठवून बसवावं लागलं. तिचं अंग हलकं झालं होतं तेव्हा. खोकताखोकता ती बाबांना म्हणत होती, शर्ट नवीन होता का हो. आम्ही चौघं हसत होतो. घरभर वास आणि आम्ही हसतो आहोत. मग आई खूप दिवस जगली त्यानंतर. अकरा दिवस.

बाबांची मान खाली गेली. मी रेघ मारली. तिसरी.

त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते मला उलट्या सीटवरून कळेना. बारक्या त्यांच्या पाठीवर हात मारत होता, ठसका लागल्यावर मारतात तसा, आणि टीव्हीत सासरा तिसऱ्यांदा ओरडत होता. बाबांनी बारक्याला जवळ ओढलं आणि तोंड त्याच्या केसांत घातलं. बारक्या म्हणाला, "बाबा, मला दिसत नाहीये." मग म्हणाला, "असू दे."

मग मला तिकीट दिसेना. म्हणजे माझ्या हातातलं तिकीट ओलं झालं होतं आणि तिसरी रेघ पसरली होती. माझी मान कधी खाली गेली? मला आठवत नाही. पेन्सिल होती म्हणून मी माझीही एक रेघ मारली. चौथी.

चहाला बस थांबली तेव्हा बाबांनी मला बिस्किटाचा पुडा दिला. मग कंडक्टरकडे गेले. मी जवळच होते.

"उद्याच्या परतीला एक सीट मिळेल का?"

"फुल आहे हो. आठवडाभर फुल आहे."

"लहान आहे. मांडीवर बसेल."

कंडक्टरने बारक्याकडे बघितलं. बारक्या पाय पसरून बाकावर बसला होता, तोंडात तीन बिस्किटं. "हा? हा मांडीवर? सात तास?"

"बसेल," बाबा म्हणाले. "मी बसवतो."

मावशी चिडली आहे. तिने बारक्यासाठी गादी शिवून ठेवली होती. "हा काय पोरखेळ आहे का? येतो म्हणता, नेतो म्हणता. पोरगं दिवसभर करणार काय तिकडे?" बाबा म्हणाले, "बघू." मावशी म्हणाली, "तुमच्या बघूला काही अर्थ असतो का हो कधी?" मग ती आत गेली. ती गादी बॅगेत कोंबते आहे, तो आवाज येतो आहे.

१६ तारीख, रविवार

बारक्या पूर्ण वाट बाबांच्या मांडीवर. माझ्या मांडीवर गादी. बाबांचे दोन्ही पाय बधिर झाले, उतरताना कंडक्टरने धरलं. परतीच्या बसला टीव्ही बंद होता, वायर खराब. बरं झालं.

घरी आल्यावर बाबा मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात भांडं होतं. ते धुऊन, पुसून शेजारच्या बाईंकडे देऊन आले.

१७ तारीख, सोमवार

काकूंना तिकीट दिलं. त्यांनी चष्मा वर केला.

"ही शाई नाही, पेन्सिल आहे. पेन्सिल कशी पसरली?"

मी बोलले नाही. मग बोलले. "काकू, हा पिक्चर मी तपासलाच नव्हता. बघितला होता, पण तपासला नव्हता. दोन्ही वेळा."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही चालेल का लिहिलंत?"

"चुकलं माझं. मी तुझ्या मानेकडे बघत बसले, तुझ्याकडे बघितलंच नाही." त्यांनी तिकीट उजेडात धरलं. "या दोन कुणाच्या?"

"तिसऱ्या रांगेतल्या सुनेच्या. शेजारी सासरे होते."

"ही?"

"बाबांची."

"आणि ही बारकी?"

मी टेबलाचा कोपरा बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"मालक म्हणतात लोक हसतात," काकू म्हणाल्या. "तुझं काय म्हणणं? तू सांगशील ते लिहिते. आजपर्यंत मी तुला विचारलं नव्हतं."

बारक्या त्या पिक्चरमुळे परत आला, हे मला कळतं. पण ती सून दीड तास पर्समध्ये काहीतरी शोधत होती. पर्स एवढीशी होती.

"बाद," मी म्हणाले.

काकूंनी वहीतलं आधीचं खोडलं आणि वर बाद लिहिलं. मालक बाहेर येऊन ओरडले, भरलेली गाडी रिकामी करता का. काकू म्हणाल्या, "माप दुरुस्त झालंय, तेच सांगतंय." मालक माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि आत गेले. मला कामावरून काढून टाकलं की नाही ते नक्की कळलं नाही. काकू म्हणाल्या, उद्या दहाला ये.

मी निघताना त्यांनी विचारलं, "पोरगं शाळेतून आल्यावर कुठे असतं?"

"घरी. एकटा."

"इकडे आण. त्या कोपऱ्यात बसू दे अभ्यासाला. पण टीव्हीकडे पाठ करून. आणि तो बेडूक माझ्या टेबलावर नको."

बेडकाचं त्यांना कुणी सांगितलं? मीच सांगितलं असेल. आजकाल मी बरंच बोलते वाटतं.

१८ तारीख, मंगळवार

बारक्याच्या शाळेला आज सुट्टी होती, म्हणून सकाळीच आणला. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड, पुढे गणिताची वही, बेडूक खिशात. काकू माझ्यासमोर विणत. नवीन पिक्चर.

बराच वेळ काही नव्हतं. एक मास्तर, त्याची सायकल. मग मास्तर वर्गात फळ्यावर लिहायला वाकला आणि त्याची पँट मागून फाटली, टर्रकन. बारक्याला फक्त आवाज आला. त्याने वळून न बघता गंभीरपणे विचारलं, "ताई, काय फाटलं?"

मी सांगू शकले नाही.

माझ्या चपलेचा अंगठा तुटत आला आहे, शिवून घ्यायला हवा. तो मला आज दिसला, कारण मी खाली बघत होते. कानांना गरम लागत होतं. समोर पेन्सिलीचा आवाज आला. नेहमी छोटासा येतो. आज काकूंनी रेघ तिकिटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.